सोळा वर्षांची मुलगी युरोपला निघाली आहे: तिचे कपडे, तिचं फिरणं आणि आईची परवानगी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका आईने विचारलं आहे: मुलीची दहावी झाली, वय सोळा. मे महिन्यात मावशी-काका आणि जवळपास तिच्याच वयाची मावसबहीण यांच्याबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा दौरा ठरला आहे, आई-बाबा जाणार नाहीत. मुलीने कपड्यांची लांबलचक यादी केली आहे. त्यात गुडघ्याच्या वर येणारे ड्रेस आहेत आणि आजीला ते मुळीच पटत नाहीत. शिवाय दोघी बहिणींना तिथे मोठ्यांशिवाय थोडं फिरायचं आहे. काय घालू द्यावं, किती मोकळीक द्यावी आणि सोबत काय द्यावं?

ताई, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची कुटुंबं आणि मुलींचे गट घेऊन मी बरीच वर्षं बाहेरदेशी जाते आहे, त्यामुळे या वयाच्या मुली जवळून पाहिल्या आहेत. तुमच्या प्रश्नात कपडे आधी आलेत, पण मी फिरण्यापासून सुरुवात करते. मुलगी परदेशात कशी वागेल, हे ती कोल्हापुरात किती आणि कशी एकटी फिरली आहे यावर ठरतं. जिला क्लासला सोडायला बाबांची गाडी आणि आणायला दादाची गाडी, ती मेट्रोच्या पहिल्याच जिन्यावर गोंधळते. तिच्यात काही कमी असतं असं नाही, रस्ता शोधायची वेळच तिच्यावर कधी आलेली नसते. सायकलवरून महाद्वार रोडच्या गर्दीतून वाट काढणारी मुलगी पॅरिसमध्ये दुसऱ्या दिवशी नकाशा वाचून मावशीलाच पुढे नेते.

म्हणून निघण्याआधीचे हे महिने वाया घालवू नका. तिला केएमटीच्या बसने एकटीला रंकाळ्यावर पाठवा आणि परतीचा मार्ग तिचा तिला शोधू द्या. ठरावीक पैसे हातात देऊन लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडवर खरेदीला पाठवा आणि हिशेब वहीत लिहायला सांगा. दोघी बहिणींना एकदा रेल्वेने मिरजेला जाऊन परत येऊ दे. तिकीट त्यांनीच काढायचं, फलाट त्यांनीच शोधायचा, परतीची गाडी चुकली तर काय करायचं हेही त्यांनीच ठरवायचं. पॅरिसच्या मोठ्या स्टेशनांवर फलाटाचा क्रमांक गाडी सुटायच्या थोडा वेळ आधी फलकावर येतो आणि मग सगळी गर्दी तिकडे धावते. मिरजेच्या पुलावर उभं राहून ज्याने घोषणा ऐकली आहे, त्याला तिथे धडकी भरत नाही. या काळात तुम्ही दर दहा मिनिटांनी फोन केला नाही, तरच या सरावाचा उपयोग आहे.

आता वेळेची गोष्ट. आपल्याकडे नियम असतो, दिवेलागणीच्या आत घरी. मे महिन्यात पॅरिसमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. उजेड आहे म्हणून मुली फिरत राहतात आणि घड्याळात रात्र झालेली असते, दुकानं बंद झालेली असतात. म्हणून तिथला नियम उजेडावर ठेवू नका, घड्याळावर ठेवा. दोघींनीच फिरायचं असेल तर सकाळी किंवा दुपारी दोन-तीन तास, एकाच भागात, परत भेटायची जागा आणि वेळ ठरवून. जागा अशी ठरवायची की फोन बंद पडला तरी सापडेल, म्हणजे अमुक दुकानाचं दार किंवा अमुक पुतळा. 'टॉवरजवळ भेटू' म्हणून भागत नाही, आयफेल टॉवरला चार पाय आहेत आणि प्रत्येकाखाली माणसांचा समुद्र असतो.

मेट्रोत एक चढली, दार लागलं आणि दुसरी फलाटावर राहिली, असं होतंच. अशा वेळी पुढे गेलेलीने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं आणि मागे राहिलेलीने पुढची गाडी पकडून तिथे यायचं. दोघींपैकी कुणीही उलट फिरायचं नाही, नाहीतर एकमेकींना शोधत दोघी दिवसभर फिरतील. हे घरी दोघींना समोरासमोर बसवून एकदा बोलून घ्या. हॉटेलचं कार्ड दोघींच्या खिशात वेगवेगळं हवं आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक पाठ हवा. तो युरोपीय संघात सगळीकडे चालतो, स्वित्झर्लंडमध्येही चालतो.

पॅरिस आणि रोममध्ये मारहाण-लुटालुटीपेक्षा खिसेकापूंचं भय जास्त. ते आपल्या मुलींसारख्याच नीटनेटक्या दिसणाऱ्या मुलीही असू शकतात. हातात कागद धरून 'सही करा' म्हणत येतात, सही करेपर्यंत दुसरीचा हात पिशवीत गेलेला असतो. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधून पैसे मागणारे भेटतात. हात खिशात ठेवून, न थांबता चालत राहायचं. पिशवी तिरकी, पोटावर, चेन आतल्या बाजूला. मेट्रोत दाराशी उभं राहून फोन हातात धरायचा नाही, दार लागता लागता तो हिसकावला जातो. कुणी अंगचटीला आलं तर इंग्रजी शब्द शोधत बसू नये. मराठीत मोठ्याने ओरडावं, स्वर सगळ्यांना कळतो. आणि मग जवळच्या दुकानात शिरावं किंवा एखाद्या बाईजवळ जाऊन उभं राहावं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. जायच्या आधी तिला सांगा, काहीही झालं, पैसे हरवले, रस्ता चुकला, कुणी त्रास दिला, तिच्याच हातून काही चुकलं तरी आधी मावशीला आणि मग मला सांग, मी आधी ऐकून घेईन. आणि तसंच वागा. मुली अडचण लपवतात ती अडचणीच्या भीतीने नव्हे, घरच्या रागाच्या भीतीने, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. याच बोलण्यात आणखी दोन विषय काढा, संकोच वाटला तरी. ऑनलाइन ओळख झालेल्या कुणालाही तिथे भेटायचं नाही, मुलगी असली तरी नाही. आणि दारू. फ्रान्स-इटलीत वयाची अट अठराची आहे, पण स्वित्झर्लंडच्या बहुतेक भागांत सोळा पूर्ण झालेल्यांना बिअर आणि वाइन कायद्याने विकत मिळते. म्हणजे तुमच्या मुलीला तिथला दुकानदार नाही म्हणणार नाही. तुमच्या घराचा नियम काय हे तिला तुमच्याकडून कळलेलं बरं.

आता कपडे. माझं मत सरळ आहे: कुठे जायचं आहे, तिथे किती थंडी आहे आणि किती चालायचं आहे, एवढ्या तीन गोष्टींवर कपडे ठरवा. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न पॅरिसच्या रस्त्यावर कुणीच विचारत नाही, तिथे गुडघ्यावरचा ड्रेस कुणी वळूनही पाहणार नाही. पण आजींची बाजू अगदीच टाकाऊ नाही. रोमला व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या दारात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, तासभर रांगेत उभं राहून आलेल्या मुलींनाही परत पाठवतात. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चमध्येही तेच. तेव्हा इटलीच्या दिवसांसाठी एक पायघोळ स्कर्ट किंवा सैल लिननची पँट आणि खांद्यावरून घेता येईल अशी मोठी ओढणी हवीच. ही गोष्ट आजींना तुमच्या मुलीनेच सांगू दे. देवाच्या दारी नीट जायचं, हे दोघींना पटणारं आहे आणि बाकीच्या ड्रेसबद्दलचं बोलणं तिथून सोपं होतं.

छोट्या ड्रेसला माझी एकच परीक्षा असते. तो घालून तिला जिना चढता येतो का, जमिनीवर बसता येतं का, गाडी सुटताना धावता येतं का? की ती सारखी तो खाली ओढत राहते? एका रविवारी तिला तिच्या यादीतले कपडे आणि बूट घालून पन्हाळ्यावर न्या. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी असं अर्धा दिवस पायी फिरवा. संध्याकाळी ती स्वतःच यादीतले निम्मे कपडे कमी करेल. आईने काढलेला ड्रेस बॅगेत चोरून परत जातो, तिने स्वतः काढलेला जात नाही.

बुटांच्या बाबतीत मी ऐकत नाही. नवे बूट घालून विमानात बसायचं नाही. निदान महिनाभर वापरलेले, मऊ तळव्याचे, बंद बूट हवेत. तिथली जुनी गावं दगडी फरसबंदीची, दिवसभर चालणं आणि सारखे चढउतार. मुली हमखास विचारतात, कोल्हापुरी घेऊ का? जरूर घ्या, अभिमानाने घ्या. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच घाटाच्या चपला दाखवल्या तेव्हा इथल्या कारागिरांचं श्रेय मिळालंच पाहिजे म्हणून केवढा आवाज उठला. मुलीने ही गोष्ट इटलीत चार जणांना सांगावी. पण चप्पल संध्याकाळी, कोरड्या दिवशी, जेवायला जाताना. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं पाणी लागलं की फुगतं, आणि गुळगुळीत तळवा ओल्या दगडावर घसरतो. मे महिन्यात पॅरिसला पाऊस कधीही येतो.

थंडीबद्दल इथे बसून कल्पना येत नाही. मे महिन्यात कोल्हापूर तापलेलं असतं आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखचं बर्फातलं स्टेशन ३,४५४ मीटरवर, तिथे तेव्हाही पारा शून्याखाली असू शकतो. तिथल्याच टिटलिस डोंगराचं वरचं स्टेशनही तीन हजार मीटरच्या वर आहे. एक जाडजूड फरचा कोट घेऊन भागत नाही, अर्धी बॅग तोच खातो. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर हलकी फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, असे थर करायचे. खाली पॅरिसला उतरलं की तेच जॅकेट पावसाला चालतं. सुती बनियन थंडीत आत नको, घामाने ओलं झालं की अंग गार पडतं. जीन्स एकच, तीही प्रवासात अंगावर असलेली. भिजली तर हॉटेलच्या खोलीत रात्रीत वाळत नाही. रोजचे टॉप, लेगिंग गांधीनगरला स्वस्तात होतील, तिथे पैसे घालवू नका. जॅकेट आणि थर्मल मात्र चांगलं बघून घ्या. बर्फावरच्या उजेडाला काळा चष्मा लागतोच. आणि एवढ्या उंचीवर उतरल्या उतरल्या फोटोसाठी पळापळ करू नये, चक्कर येते.

कोल्हापूरच्या मुलींना आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट. उन्हात, धुळीत गाडीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधायची आपल्या मुलींना सवय असते. फ्रान्समध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला २०११ पासून कायद्याने बंदी आहे, दंड होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून देशभर तशीच बंदी आली. आजारपण, थंडी अशा कारणांना सूट आहे, तेव्हा बर्फात मफलर नाकावर घेतला तर घाबरायचं कारण नाही. पण उन्हात टॅन होऊ नये म्हणून रंकाळ्यावर बांधतो तसा स्कार्फ आयफेलखाली बांधू नये. सनस्क्रीन आणि टोपी द्या.

आयफेलसमोर नऊवारीत फोटो काढायची तिची इच्छा असेल, तर मी पूर्ण तिच्या बाजूने आहे. शिवलेली नऊवारी घ्या, आत लेगिंग, साज खोटाच. खरं सोनं अंगावर काहीच नको, कानातलंसुद्धा साधं. टॉवरच्या समोरच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर सकाळी लवकर जायचं, तेव्हा गर्दी नसते आणि उजेड सुंदर असतो. फोटो लगेच टाकायची घाई मात्र नको, ते ठिकाण सोडल्यावर टाकायचे. पासपोर्ट आणि बोर्डिंग पासचा फोटो तर कधीच टाकायचा नाही, त्यावरच्या क्रमांकांवरून बुकिंग उघडता येतं.

पाळीचा विषय मोठ्यांना अवघड वाटतो, पण प्रवासात तोच आधी येतो. नेहमीचे पॅड पुरेसे द्या, त्यातले थोडे हातातल्या बॅगेत. एक गडद रंगाची पँट आणि जादा अंतर्वस्त्रं हातातल्याच बॅगेत, कारण मोठी बॅग मागे राहू शकते. तारीख प्रवासात येते म्हणून देवदर्शनाला जाताना देतात तशी पाळी लांबवायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवूनच काय ते ठरवा. तिथल्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला पैसे पडतात, युरो आणि स्विस फ्रँक अशी सुटी नाणी तिच्या स्वतःच्या पाकिटात हवीत, दर वेळी काकांकडे मागायला लागू नयेत. नेहमीची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पाण्याची बाटली एक पुरे, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम तिन्हीकडे नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

खाण्याचं सामान बांधताना मावशी आणि तुम्ही दोघी बसा. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे मटण लोणचं, पेढे, खवा, तूप सगळं घरीच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्या तेलकट असतात आणि पेट घेऊ शकतात. कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते, आणि बऱ्याच जणांचं विमान दुबई किंवा अबुधाबीवरून जातं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तेव्हा तिकडून जाणार असाल तर मसाला नेऊच नका. भडंग, शेंगदाण्याची चटणी सुखाने न्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत टाकलेली चालत नाही.

कागदांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे या तिन्ही देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालेल असा पासपोर्ट, दोन कोरी पानं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तारीख आजच बघा. पंधरा पूर्ण झालेल्या मुलीला दहा वर्षांचाही मागता येतो. आई-वडील सोबत नसल्याने दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला लागेल. दाखला, पासपोर्ट आणि तुमच्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे तपासा, घोटाळा बहुतेक तिथेच होतो. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल. संमतिपत्राची एक प्रत मावशीजवळ आणि एक मुलीजवळ ठेवा, विमानतळावर विचारतात.

पैसे तिच्या हातात द्या. रोजचे ठरावीक युरो, त्यात तिने आइस्क्रीम खायचं की कानातलं घ्यायचं हे तिचं तिने ठरवावं. आणि लूव्र संग्रहालयात अठराच्या आतल्यांना प्रवेश मोफत असतो, तेव्हा दोघींच्या तिकिटाचे पैसे आधी भरून ठेवू नका. मंगळवारी ते बंद असतं.

दौऱ्यात फ्लॉरेन्स असेल तर मावशींना एक अर्धा दिवस काढायला सांगा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले होते, परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. कॅसिने बागेच्या टोकाला १८७४ मध्ये उभारलेली त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, आजही आहे. ती मेजर मँट यांनी आखली, ज्यांनी पुढे आपला न्यू पॅलेस आखला. महाराजांनी प्रवासात रोजनिशी ठेवली होती आणि ती नंतर छापली गेली. आपल्या गावातला वीस वर्षांचा मुलगा इतक्या वर्षांपूर्वी तिथे काय बघत होता, हे कळल्यावर मुली त्या छत्रीसमोर फोटोपेक्षा जास्त वेळ थांबतात. तुमच्या मुलीलाही एक वही द्या.

फोनचं आत्ताच ठरवून टाका. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. रात्री हॉटेलवर पोचल्यावर फोन कर म्हणालात तर तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल, आणि तोवर तुम्ही काळजीत जागत बसाल. त्यापेक्षा तिच्या न्याहारीच्या वेळी, सकाळी साडेसातला, म्हणजे आपल्या अकराला, रोज एक फोन. रात्री फक्त 'पोचलो' एवढाच संदेश, तोही मावशींनी टाकायचा. मधल्या वेळात तुम्ही फोन करू नका.